सम्राटाच्या देवळात कुणी नवस बोललं असेल का?

घाटवाट

मंडळी, कामानिमित्त दहा दिवस तुर्कस्तानात अंकाऱ्यात आहे. काल सुट्टी मिळाली म्हणून जुन्या शहरात हाजी बायराम मशिदीकडे गेलो. मशीद पंधराव्या शतकातली. तिला अगदी खेटून उंच दगडी भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, लोखंडी आधार दिलेत, भोवती कुंपण. हे रोमन सम्राट ऑगस्टस आणि रोमा देवी यांचं देऊळ. भिंतींवर इतका मजकूर कोरलाय की लांबून दगडाला वाळवी लागल्यासारखी दिसते. ऑगस्टसने स्वतः लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा जमाखर्च आहे तो, आतल्या बाजूला लॅटिन आणि बाहेरच्या भिंतीवर ग्रीक. सुरुवातच "वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या विचाराने आणि माझ्या खर्चाने सैन्य उभारलं" अशी.

मी कोकणातल्या गावचा. आमच्याकडे देऊळ म्हटलं की गाऱ्हाणं घालणं आलं, कौल लावणं आलं, नवस आला. तिथे तासभर उभा होतो आणि एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. देवळात बसवलेला माणूस तेव्हा जिवंत होता, कर वसूल करत होता, त्याचं डोकं नाण्यावर होतं. पोर आजारी पडलं म्हणून एखादी बाई या पायऱ्या चढून त्याला हात जोडायला येत असेल का? की हे नुसतं सरकारी काम होतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

कासवगती

वाचनखूण साठवली. जागा धरून बसलोय.

तेरेखोल

सरळ उत्तर: सरकारी काम. नवीन प्रांत जिंकला की सैन्य, रस्ता, करवसुली आणि सम्राटाचं देऊळ, हे ठरलेलं. गलेशिया, म्हणजे अंकाऱ्याभोवतीचा मुलूख, रोमन प्रांत झाला इ.स.पू. २५ मध्ये, आणि लगोलग अंकाऱ्यात हे देऊळ. भक्तीचा काही संबंध नाही.

मीराकाकू

घाटवाट, प्रश्न फार छान विचारलास. तेरेखोल, इतकं सरळ नाही हो ते.

आधी एक फरक लक्षात घ्या. खुद्द रोम शहरात जिवंत सम्राटाचं सरकारी देऊळ बांधत नसत. तो मेला की सिनेट ठराव करायचं, की याला आता 'दिवुस' म्हणजे दिव्य मानावं. मग देऊळ आणि पुजारी. ज्यूलियस सीझरला इ.स.पू. ४२ मध्ये असं देवत्व मिळालं, आणि फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, जिथे त्याचं प्रेत जाळलं होतं नेमकं तिथेच देऊळ उभं राहिलं. ऑगस्टसने त्याचं लोकार्पण केलं इ.स.पू. २९ च्या ऑगस्टमध्ये. पण हा मान सगळ्यांना मिळाला नाही. टायबेरियसला नाही, कॅलिग्युलाला नाही, नीरोला तर नाहीच.

पूर्वेकडे मात्र गोष्ट वेगळी. ग्रीक शहरांना राजाला देवाचे मान द्यायची सवय अलेक्झांडरच्या वारसांपासून, म्हणजे ऑगस्टसच्या दोन-अडीचशे वर्षं आधीपासून होती. त्याच इ.स.पू. २९ साली आशिया आणि बिथिनिया या रोमन प्रांतांतले (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) ग्रीक आपणहून ऑगस्टसकडे गेले, की आम्हाला तुमचं देऊळ बांधू द्या. त्याने वाटणी करून दिली. तिथल्या रोमन नागरिकांनी इफेसस आणि नायसियाला रोमा आणि दिवंगत सीझरची पूजा करायची. ग्रीकांनी पर्गामोन आणि निकोमीडियाला रोमा आणि ऑगस्टसची. म्हणजे हुकूम वरून आला नव्हता, अर्ज खालून गेला होता.

तेरेखोल

खालून अर्ज जातो म्हणजे भक्ती सिद्ध होते का काकू? साहेबाच्या वाढदिवसाला हारही खालूनच जातात.

मीराकाकू

हार खालून जातो हे तुम्ही मान्य केलंत, एवढं मला पुरे आहे. पुढचं उद्या लिहिते. इथे मध्यरात्र झाली.

रोननदीकाठी

पश्चिमेकडची बाजू मी सांगते, कारण मी फ्रान्समध्ये ल्योंला राहते. इथे रोन आणि सोन या नद्यांच्या संगमापाशी इ.स.पू. १२ मध्ये रोमा आणि ऑगस्टसची मोठी वेदी उभी केली. तिच्यावर गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, साठ जमातींची नावं कोरली होती. दर १ ऑगस्टला साऱ्या जमातींचे प्रतिनिधी इथे जमायचे. पहिला मुख्य पुजारी रोमन नव्हता, एदुई जमातीचा गॉल होता. चाळीस वर्षांपूर्वी याच लोकांनी सीझरविरुद्ध तलवार उपसली होती! इथे तेरेखोल यांचं बरोबर आहे. हे वरून, ठरवून केलेलं काम होतं.

पण मला खरं सांगायचंय ते इथल्या नीम शहराबद्दल. तिथलं देऊळ, ज्याला लोक 'मेझों कारे' म्हणजे चौकोनी घर म्हणतात, जवळजवळ अख्खं उभं आहे. कपाळपट्टीवर पूर्वी ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती. अक्षरं गेली, खिळ्यांची भोकं राहिली. देऊळ कुणाचं हेच लोक विसरले. १७५८ मध्ये सेग्ये नावाच्या तिथल्याच विद्वानाने भोकांच्या जागा टिपून कोणत्या भोकांवर कोणतं अक्षर बसेल ते लावून काढलं. उत्तर निघालं गायस आणि ल्यूशियस, ऑगस्टसचे नातू. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस नेमलं होतं. दोघंही ऐन तारुण्यात गेले, ल्यूशियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा खाली उभी राहून ती भोकं मोजत बसले होते. मान अवघडली पण हलवेना. ज्या आजोबाने दोन नातू पुरले त्याच्या दुःखाचं ते देऊळ आहे, असं मला तिथे वाटलं. राजकारण असेलच, पण तेवढंच नाही.

नाणेवेडा

रोननदीकाठी, तुमची ही दोन पोरं आपल्याकडेही आली आहेत! दक्षिण भारतात रोमन चांदीच्या नाण्यांचे जे घबाड सापडतात त्यांत ऑगस्टसच्या काळातला सर्वांत नेहमीचा छाप म्हणजे गायस आणि ल्यूशियस. दोघं उभे, मध्ये ढाली आणि भाले. आणि ती नाणी पाडली कुठे? ल्योंच्या टांकसाळीत. दुसरा नेहमीचा छाप टायबेरियसचा, त्यावर लेख "टायबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र". मिरी विकून ते नाणं घेणाऱ्याला लॅटिन वाचता येत नसेल, पण सम्राटाचं देवपण त्याच्या तळहातावर छापून आलेलंच होतं.

घाटवाट, तुम्ही अजून तिथेच असाल तर एक करा. त्या भिंतीवरच्या मजकुरात, शेवटाकडे, "हिंदुस्थानच्या राजांकडून माझ्याकडे वारंवार वकिलाती आल्या" असं वाक्य आहे. लॅटिन मजकुरात आत शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर. अंकाऱ्याच्या दगडावर आपला उल्लेख आहे, पाहून या.

वाचनवेडी

अरे वा, हे माहीतच नव्हतं. मग भारतात असं एखादं देऊळ होतं का?

नाणेवेडा

नकाशावर आहे. रोमन रस्त्यांचा एक लांबच लांब नकाशा मध्ययुगीन नकलेच्या रूपाने व्हिएन्नाच्या ग्रंथालयात जपलाय, मूळची जवळपास पावणेसात मीटर लांबीची गुंडाळी. त्यात मलबार किनाऱ्यावर मुझिरिस बंदराशेजारी देवळाचं छोटं चित्र आहे आणि लिहिलंय 'टेंप्लुम ऑगुस्ती', ऑगस्टसचं देऊळ. केरळात पट्टणमच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे ढिगाने मिळाले. हे देऊळ मात्र मिळालेलं नाही. काही अभ्यासक म्हणतात की नकाशा काढणाराने तिथल्या एखाद्या देवळालाच हे नाव दिलं असेल. मला वाटतं तिथे राहणाऱ्या व्यापाऱ्यांनी छोटंसं का होईना बांधलं असणार. मोसमी वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने परक्या किनाऱ्यावर काढायचे, तर माणूस आपल्याकडचं काहीतरी जवळ ठेवतोच. आपली माणसं आखातात गणपती बसवतात ते आठवा.

कासवगती

तार्रागोनाचा किस्सा कुणीच कसा सांगितला नाही? स्पेनमधल्या या शहरात ऑगस्टसची वेदी होती. एकदा तिथल्या लोकांनी मोठ्या आनंदाने त्याला कळवलं, की चमत्कार झाला, तुमच्या वेदीवर ताडाचं रोप उगवलंय! ऑगस्टस म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिच्यावर अग्नी किती वेळा पेटवता ते कळलं."

वाचनवेडी

😂😂 देवानेच हजेरी घेतली!

पण मला कळत नाही, या देवळात रोज होत काय असे? आरती, नैवेद्य असं काही?

मीराकाकू

वाचनवेडी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर घाटवाटच्याच देवळाच्या भिंतीवर आहे. तिथे ऑगस्टसच्या मजकुराखेरीज आणखी एक यादी कोरलीय, टायबेरियसच्या काळातल्या पुजाऱ्यांची. दरवर्षी एक पुजारी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने त्या वर्षी लोकांना काय दिलं ते. आपल्या देवळांत पायरीवर 'अमक्याकडून अकरा हजार' लिहिलेलं असतं ना, अगदी तसं.

ब्रिगेटस राजाचा मुलगा कास्टर, याने गावजेवण घातलं, चार महिने तेल पुरवलं, ग्लॅडिएटरांच्या ३० जोड्या लढवल्या, बैलांची आणि रानटी जनावरांची शिकार दाखवली. अमिंटस राजाचा मुलगा पिलेमेनीस, याने दोनदा गावजेवण, दोनदा खेळ, रथांच्या आणि घोड्यांच्या शर्यती, आणि जिथे देऊळ उभं आहे आणि जत्रा भरते ती जागाही दिली. हे तेल म्हणजे आखाड्यात अंगाला चोळायचं तेल. ज्यांच्या बापांनी या मुलखावर राज्य केलं तेच आता सम्राटाचे पुजारी झाले होते.

म्हणजे वर्षातून काही दिवस मिरवणूक, बळी, पंगत, शर्यती. सामान्य गलेशियन माणसाच्या वाट्याला या देवळातून काय आलं? पोटभर मांस आणि चार दिवसांची जत्रा. त्याला ते खोटं वाटत असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडेही जत्रेला जाणारा प्रत्येक माणूस गाभाऱ्यात रडत बसत नाही, म्हणून जत्रा काही सरकारी काम ठरत नाही.

तेरेखोल

काकू, यादी जबरदस्त आहे, मान्य. पण पंगतीचा खर्च कुणाच्या खिशातून? ब्रिटनमध्ये कोल्चेस्टरला सम्राट क्लॉडियसचं देऊळ बांधलं, तिथलं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. पुजारी म्हणून ज्या स्थानिकांना नेमलं ते धर्माच्या नावाखाली आपली सगळी मालमत्ता ओतून बसले. लोकांना ते देऊळ कायमच्या गुलामीचा गड वाटत होतं. इ.स. ६०-६१ मध्ये बौडिका राणीचं बंड झालं तेव्हा रोमन सैनिक शेवटी त्याच देवळात कोंडून घेऊन बसले. दोन दिवस टिकले. मग सगळे मारले गेले, देऊळ जळालं. पुढे नॉर्मन लोकांनी त्याच चौथऱ्यावर किल्ला बांधला, अजून आहे. मी तळघरात जाऊन त्या चौथऱ्याखालच्या कमानी पाहिल्यात. टॉर्चच्या उजेडात तो कच्चा चुना दिसतो. तिथे मला कास्टरची पंगत आठवली नसती.

मीराकाकू

हे मात्र खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. अंकाऱ्यात राजपुत्रांकडे द्यायला होतं. ब्रिटनमध्ये सक्ती होती आणि तिचा सूड उगवला.

फिरस्ता_नगरी

घाटवाट, तुर्कस्तानात आहातच तर दोन दिवस काढून आफ्रोदिसियासला जाच. तिथे सम्राटांच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन मजली ओसऱ्या होत्या, आणि वरच्या मजल्यांवर संगमरवरी शिल्पपट. १९७९ पासून उत्खननात ते बाहेर आले. एका पटात क्लॉडियस ब्रिटानियाला जमिनीवर दाबून केसांनी मागे ओढतोय. ती बाईच्या रूपातली, छाती उघडी पडलेली, एक हात वर. तेरेखोल, तुमच्या कोल्चेस्टरची दुसरी बाजू ही. हे बनवलं मात्र रोमने नाही, आफ्रोदिसियासच्या दोन श्रीमंत घराण्यांनी, आपल्या खर्चाने. रोमच्या सत्तेखालच्या लोकांनीच रोमने हरवलेल्या दुसऱ्या लोकांचा पराभव कोरून घेतला. त्यासमोर मी बराच वेळ उभा होतो, मला ते बघवत नव्हतं आणि निघवतही नव्हतं.

इफेससला डोमिशियनचं देऊळ बघा. इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाला आणि सिनेटने त्याचं नाव पुसून टाकायचा हुकूम काढला. आता गावात त्याचं देऊळ, आणि त्या देवळापायी शहराला मिळालेला 'नेओकोरोस' म्हणजे देवळाचा राखणदार हा मान. देऊळ पाडलं तर मान जाणार. मग शिलालेखांतून डोमिशियनचं नाव छिन्नीने काढलं आणि त्याच्या बापाला, वेस्पासियनला पुढे केलं. देव बदलला, देऊळ राहिलं.

कासवगती

वेस्पासियन म्हणजे तोच, जो मरताना म्हणाला "अरेरे, मला वाटतं मी देव व्हायला लागलोय".

रोननदीकाठी

शहरांच्या चुरशीवरून आठवलं. टायबेरियसच्या देवळासाठी इ.स. २६ मध्ये आशिया प्रांतातली अकरा शहरं रोमच्या सिनेटपुढे भांडत होती. हॅलिकार्नासस म्हणे, आमच्याकडे बाराशे वर्षांत भूकंप नाही आणि पाया थेट जिवंत खडकात घालू. पर्गामोनला सांगितलं, तुमच्याकडे ऑगस्टसचं आहे. इफेससला आर्टेमिस देवी होती, मिलेटसला अपोलो देव. जिंकलं स्मिर्ना, आजचं इझमीर. त्यांनी सांगितलं की पूर्वी रोमन सैन्य थंडीत कुडकुडत असल्याची बातमी सभेत आली तेव्हा आमच्या लोकांनी जागच्या जागी अंगावरचे कपडे काढून दिले होते.

घाटवाट

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी भरभरून लिहिलंत. पण माझी ती बाई अजून पायरीवरच उभी आहे. तिच्या आजारी पोराचं काय?

मीराकाकू

तिला मी पायरीवरून खाली आणते. ती इथे येणार नाही. आजारपणासाठी अस्क्लेपियस हा देव होता. पर्गामोनला वर डोंगरावर सम्राट ट्रेजनचं पांढरंशुभ्र देऊळ आणि खाली सखल भागात अस्क्लेपियसचं आवार, जिथे रुग्ण रात्री झोपत आणि देव स्वप्नात येऊन औषध सांगे. कोरिंथच्या संग्रहालयात अस्क्लेपियसला वाहिलेले मातीचे हात, पाय, कान मांडून ठेवलेत. वांद्र्याला माऊंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, तेच. सम्राटांना वाहिलेले असे अवयव मिळत नाहीत. लोक बळी देत ते बहुतेकदा सम्राटासाठी, त्याचं भलं व्हावं म्हणून, इतर देवांना. जेरुसलेमच्या मंदिरात तर ज्यू लोक सम्राटाची पूजा न करता त्याच्यासाठी रोज बळी देत. इ.स. ६६ मध्ये तो बंद केला आणि युद्ध पेटलं.

पिंपळपान

इतका वेळ नुसता वाचत होतो. वकील आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो जी इतिहासवाल्यांच्या नजरेतून सुटते.

सम्राटाच्या पुतळ्याला जाऊन बिलगलेल्या माणसाला ओढून नेता येत नसे. छळ सोसणारे गुलाम हेच करत. सम्राट अँटोनायनस पायस (इ.स. १३८ ते १६१) याचा एक हुकूम रोमन कायद्याच्या संहितेत जसाच्या तसा आहे. स्पेनमधल्या एका प्रांताच्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, ज्युलियस सबिनस नावाच्या मालकाचे गुलाम पुतळ्यापाशी पळून आलेत, काय करू? सम्राटाने कळवलं की त्यांची तक्रार ऐकून घे. त्यांना वाजवीपेक्षा कठोरपणे वागवलं गेलं असेल किंवा त्यांची विटंबना झाली असेल तर त्यांना विकायला लाव, पुन्हा त्या मालकाच्या ताब्यात जाता कामा नये. आणि सबिनसने पळवाट काढली तर मी अधिक कडक वागेन, हे त्याला कळू दे.

मूळ लॅटिनमध्ये 'तक्रार' यासाठी शब्द आहे क्वेरेला. घाटवाट, तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात ना, आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात? तोच शब्द. नवस नसेल, पण गाऱ्हाणं होतं.

वाचनवेडी

काटा आला अंगावर. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा होण्याच्या लायकीचा आहे.

तेरेखोल

पिंपळपान, उत्तम. तरी एक नोंद करतो. त्या गुलामांची सुटका झाली नाही, ते दुसऱ्या मालकाला विकले गेले. आणि फोरममधल्या सीझरच्या देवळालाही आश्रयाचा हक्क दिला होता, तो पुढे नावापुरताच उरला, कारण कुणी आत शिरूच नये म्हणून त्याला कुंपण घातलं.

पिंपळपान

बरोबर, विकलेच गेले. पण ज्याच्या पाठीवर रोज फटके पडतात त्याला मालक बदलणं म्हणजे काय, ते आपण इथे बसून नको ठरवूया.

तेरेखोल

हे मान्य करतो.

मीराकाकू

घाटवाट, शेवटचं एक. इ.स. १४, ऑगस्टस म्हातारा झालाय, शेवटचे दिवस आहेत. नेपल्सच्या आखातातून जाताना पुतेओलीजवळ अलेक्झांड्रियाहून नुकतंच आलेलं एक जहाज दिसतं. त्यावरचे खलाशी आणि उतारू पांढरे कपडे घालतात, डोक्याला फुलांच्या माळा, धूप जाळतात आणि त्याला म्हणतात, "तुमच्यामुळे आम्ही जगतो, तुमच्यामुळे जहाज हाकतो, तुमच्यामुळे स्वातंत्र्य आणि संपत्ती भोगतो." रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलंय. तिथे देऊळ नव्हतं, पुजारी नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. चाचे नाहीसे झालेला समुद्र त्यांना मिळाला होता आणि देणारा माणूस समोर दिसला.

नाणेवेडा

आणि अलेक्झांड्रिया म्हणजे आपल्या मिरीचं बंदर. त्या जहाजात मुझिरिसचा माल नसेलच असं नाही.

घाटवाट

आज परत गेलो होतो, उद्या निघतोय. कुंपणापर्यंतच जाता येतं, त्यामुळे हिंदुस्थानचा उल्लेख असलेली ओळ नजरेने शोधली, सापडली असं छातीठोक सांगू शकत नाही. बाहेरच्या भिंतीवरची ग्रीक अक्षरं मात्र उन्हं तिरपी झाल्यावर स्पष्ट दिसतात. पाऊण तास तिथेच होतो.

मग वळलो तेव्हा लक्षात आलं. मशिदीला लागूनच हाजी बायराम या संताची कबर आहे, देवळाच्या भिंतीपासून चार पावलांवर. एक म्हातारी बाई पाच-सहा वर्षांच्या पोराला घेऊन तिथे आली. त्याच्या हाताला दवाखान्यातली पट्टी होती. तिने त्याला पुढे उभं केलं, दोन्ही तळवे वर केले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली. पोरगा मान वळवून त्या पडक्या भिंतीकडे बघत होता.